तिसरी हाक

झांझणआजाला खोकला झाला की आमच्या घरात गोड शिजायचं.

त्या फाल्गुनातही तसंच झालं. सकाळी पलीकडच्या ओट्यावरून उबळ ऐकू आली आणि आईने लगेच चूल फुंकून तुपात कणीक भाजायला घेतली. गुळाचा शिरा वाडग्यात भरून माझ्या हातात देत ती म्हणाली, "जा, म्हाताऱ्याला देऊन ये. आणि कसा आहे ते नीट बघ. छाती वाजते का बघ."

"वाजली तर?"

"वाजली तर वाजली. मी काय कुणाचं वाईट चिंतते? तूप सढळ घातलंय, सगळं संपव म्हणावं."

मी जाऊन आलो. आई दारातच उभी होती.

"काय म्हणतो?"

"मागावर बसलाय. सकाळपासून वीतभर विणून झालं. शिऱ्यात वेलदोडा कमी पडला म्हणाला."

"देव त्याला उदंड आयुष्य देवो," आई म्हणाली आणि कढई अशी आपटली की चुलीपाशी झोपलेलं मांजर परसात पळालं.

तिचाही दोष नव्हता. तेव्हा मी चोवीस वर्षांचा घोडा झालो होतो, दाढीमिशा आल्या होत्या, रेशमी पदराचा मोर मी विणला तर देवगिरीच्या यादवांच्या वाड्यात जायचा, आणि मला नाव नव्हतं. सगळी आळी मला धाकल्या म्हणायची. माझ्यासारखे आणखी होते. एक बारक्या होता, तो सहा हात उंच. एक दुसऱ्या होता, त्याला नातवंडं झाली होती.

आम्ही रेशीम विणणारे साळी. आमचे पूर्वज कधीकाळी लाट देशातून निघाले आणि नर्मदा ओलांडून गोदेच्या काठच्या या पेठेत आले. का आले याची कथा घराघरात वेगळी. कुणाकडे दुष्काळ होता, कुणाकडे राजाचा कोप होता. माझा बाप म्हणायचा, भाऊबंदकी होती. आमच्या आळीकडे पाहिलं की मला बापाचंच खरं वाटायचं.

निघाले तेव्हा ते चाळीस पुरुष होते. निघताना त्यांच्या गावच्या वेशीवरच्या आईने म्हणे कौल दिला: एक दिवस मी तुम्हांला परत बोलावीन. एकेकाचं नाव घेऊन तीनदा हाक मारीन. जो ओ देईल तो वेशीच्या आत येईल. पण एका जरी नावाची ओ आली नाही, तरी वेस सगळ्यांनाच बंद.

आता देवीच ती, बोलून मोकळी झाली. निस्तरायचं आम्ही. तेव्हापासून चाळीस नावं जिवंत ठेवणं हाच आमचा धर्म झाला. वाहड, लूणिग, पाल्हण, चाहड, आंबड, झांझण. एकही नाव रिकामं राहता कामा नये आणि एकही वाढता कामा नये, कारण एक्केचाळिसावं नाव आईला ठाऊक नाही. चाळिसांची दीडशे डोकी झाली, तरी नावं चाळीसच. कुळातला नावाचा धनी मेला की ते नाव रांगेतल्या पुढच्याला मिळायचं. तोवर त्याने धाकल्या, बारक्या, काहीही म्हणवून घ्यावं.

बायकांना यातलं काही लागू नव्हतं. आले ते सगळे सडे पुरुष. बायका इथल्याच केल्या, माळ्यांच्या, कोष्ट्यांच्या, रंगाऱ्यांच्या. त्यांना आई ओळखत नव्हती, म्हणून त्यांनी कुठलंही नाव घ्यावं. त्यामुळे आमच्या घरांत बोली इथली, कढी इथली, जात्यावरच्या ओव्या इथल्या, आणि लाट देशाचं काय, तर पुरुषाचं नाव. तिकडच्या भाषेतले आम्हांला नेमके चाळीस शब्द येत होते, आणि त्यांवर आम्ही इथल्या लोकांना अडाणी म्हणत होतो.

एकदा लाट देशातला एक हिंगवाला पेठेत उतरला. आमच्या लोकांनी त्याला खांद्यावर घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं. वेशीवरची आई कशी आहे म्हणून विचारलं, तर तो म्हणाला, "कसली वेस? कोण आई?" आमचे महत्तर आसडबा सगळ्या आळीचे मुख्य. त्यांनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं आणि निकाल दिला, "हा मनुष्य लाट देशाचा नव्हेच." बिचारा हिंग न विकताच गेला.

तर आमच्या कुळाचं नाव झांझण, आणि त्याचा धनी माझा चुलत आजा. पोरबाळ नाही, बायको कमळाइसा तीन पावसाळ्यांपूर्वी वारलेली, दात सगळे शाबूत. रांगेत पुढचा मी.

एरवी मी आणखी दहा वर्षं धाकल्या राहिलो असतो. पण मध्ये लखाई आली. रंगारआळीच्या सारंगाची ही मुलगी. सूत रंगवायला टाकायला मी जायचो, तर ती मंजिष्ठेच्या रंगात कोपरापर्यंत लाल झालेले हात कमरेवर ठेवून मला म्हणायची, "आलास? तुझा म्हातारा काय म्हणतो?" तिला मी आवडत होतो. तिच्या बापालाही नावडत नव्हतो. अडचण त्याने फोडून सांगितली.

"पोरगा गुणी आहेस, मी नाही म्हणत नाही. बिननावाच्याला कुणी मुली दिल्याही असतील, मला ते जमायचं नाही. पण लग्नात भटजी विचारील, मुलगी कुणाला दिली? काय सांगू? धाकल्याला दिली? उद्या तुमच्या घरात आणखी एक धाकल्या जन्मला तर तोही दारात येऊन उभा राहील."

"थोडं थांबा काका."

"चैत्री पुनवेपर्यंत थांबतो. मग तेर गावच्या रंगाऱ्याला होकार कळवतो. त्याला पहिल्या बायकोची दोन पोरं आहेत, पण नाव आहे."

लखाई मला कुंपणापर्यंत सोडायला आली. "एक सांगते. माझ्यापायी त्या म्हाताऱ्याला काही करू नकोस. कुणाच्या मढ्यावरून मला सासरी जायचं नाही."

"मी कुठे काय करतो? आईच शिरा करते."

"तो शिराच म्हणतेय मी."

झांझणआजाला हे सगळं कळत होतं. तो दर सकाळी घागर घेऊन नदीवर जायचा. काठावर कमळाइसाने लावलेला सोनचाफा होता. जवळच तिला अग्नी दिला होता. आजा घागर भरून चाफ्याच्या मुळाशी ओतायचा आणि मग तिथेच पायरीवर बसायचा. फाल्गुन संपत आला तसा मी त्याची घागर उचलू लागलो. खरं सांगायचं तर तो किती दमतो ते पाहायला मी जात होतो, आणि तो अजिबात दमत नव्हता.

"मी मरावं असं वाटतं ना तुला?" एकदा त्याने विचारलं.

"नाही हो आजा."

"खोटं कशाला बोलतोस? तुझी आई मला तुपात बुडवून मारतेय, ते काय मला कळत नाही? पण शिरा झकास करते. तिला सांग, खोकला मी मुद्दाम काढतो."

मला हसू आलं आणि लाजही वाटली. मग मीच विचारलं, "आजा, खरंच येईल का हो आईची हाक?"

त्याने चाफ्याकडे पाहिलं. "कमळा पण हेच विचारायची. म्हणायची, हाक आली की मला न्याल ना? मी आसडच्या बापाला विचारायला गेलो होतो. तेव्हा तो महत्तर. म्हणाला, बायकांची नावं आईने घेतलेली नाहीत. त्या वेशीबाहेर थांबतील."

"मग?"

"मग काय? तिने त्या दिवशी कढीत मीठ घातलं नाही. दुसऱ्या दिवशी घातलं."

एवढं बोलून तो उठला. पुनव जवळ येत होती आणि माझं सगळं लक्ष त्याच्या छातीकडे होतं.

चैत्री पुनवेला आमच्यात हाकेचा विधी असायचा. उद्या आईने खरंच बोलावलं तर घोटाळा नको, म्हणून दरवर्षी ही रंगीत तालीम. सगळी आळी नदीकाठी जमायची. नावाचे चाळीस पुढे बसायचे, नवी धोतरं नेसून, वायव्येला तोंड करून. वायव्य नेमकी कुठे यावर दरवर्षी अर्धा प्रहर भांडण व्हायचं आणि शेवटी सगळे समोरच्या चिंचेकडे तोंड करून बसायचे, कारण तिची सावली यायची. बिननावाचे आम्ही मागे उभे राहून त्यांच्या वहाणा सांभाळायचो. त्यांच्याही मागे बायका, तिळाच्या वड्यांची ताटं घेऊन.

त्या वर्षी झांझणआजा बसायच्या आधी माझ्यापाशी आला. "माझ्या मागेच उभा राहा," म्हणाला. "गुडघा धरला तर उठवायला कुणी हवं." मग त्याने माझ्या आईच्या ताटातली एक वडी उचलली. आईने प्रेमाने दुसरीही दिली.

आसडबा दगडावर चढले. घसा खाकरला. ते हाक मारायचे तेव्हा स्वतः आई असल्यासारखे डोळे मिटून घ्यायचे.

"वाहड!"

"ओ!"

"लूणिग!"

"ओ!"

पाल्हण झाला, चाहड झाला. चाहड बहिरा होता, त्याला शेजाऱ्याने कोपराने ढोसलं की तो ओ द्यायचा. एकेक ओ ऐकून मला वाटत होतं, तेरचा रंगारी एकेक कोस जवळ येतोय. रंगारआळीतली चार माणसं गंमत बघायला आली होती. त्यांत लखाई होती. ती माझ्याकडे बघत नव्हती.

"झांझण!"

कुणी बोललं नाही.

आसडबांनी डोळे उघडले नाहीत. म्हाताऱ्यांची ओ कधी उशिरा येते, त्याची सवय होती. "झांझण!"

पहिल्या रांगेत माना वळल्या. आजा मांडी घालून नीट बसला होता, डोळे उघडे, श्वास चालू. तो वडी चघळत होता.

"अहो झांझणबा," शेजारचा पाल्हण कुजबुजला, "तुमची हाक. ओ द्या."

आजाने त्याच्याकडे पाहून मान हलवली आणि वडी या गालातून त्या गालात घेतली. बायकांत गलका उठला. कुणीतरी ओरडलं, "अरे, त्याची वाचा गेली!" आसडबांनी डोळे उघडले. त्यांचं तोंड पांढरं पडलं होतं. विधी मोडायचा नव्हता आणि तिसऱ्या हाकेनंतर वेस बंद. ते दगडावर उभे राहून गळ्यातल्या शिरा ताणून ओरडले, "झांऽऽझण!"

आजाने मागे वळून माझ्याकडे पाहिलं. नुसत्या भुवया वर केल्या, पंगतीत वाढप्याने वाढू का म्हणून विचारावं तशा.

"ओ!" मी ओरडलो. इतक्या जोरात, की चिंचेवरचे बगळे उडाले.

मग जो गोंधळ झाला तो सांगून पुरायचा नाही. अर्धे म्हणत होते, चांडाळाने जिवंत माणसाचं नाव चोरलं. अर्धे म्हणत होते, ओ आली, वेस वाचली, आता गप्प बसा. आई माझ्या नावाने रडत होती, म्हणजे नव्या नावाने. आसडबा आजापुढे उभे राहिले.

"झांझणबा, हे काय केलंत?"

"मी कुठे काही केलं? मी वडी खात होतो."

"ओ याने दिली. आता नाव याचं झालं. परत घेता येत नाही."

"नकोच परत."

"अहो, पण नाव दुसऱ्याकडे धनी मेल्यावरच जातं! एका नावाचे दोन धनी आईसमोर उभे राहिले तर?"

"मग मी मेलो असं समजा," आजा म्हणाला. "त्यात काय एवढं? तेराव्याला घारगे करा."

आसडबा विद्वान मनुष्य. त्यांनी चार जाणत्यांना बाजूला घेऊन विचार केला आणि निर्णय दिला: नाव पुढे गेलं त्याअर्थी झांझणबा वारले. आळीला सुतक. त्याच संध्याकाळी आमच्या कुळातल्या पुरुषांनी डोकी भादरली. मी भादरून घेत होतो तेव्हा आजा समोर बसून न्हाव्याला सांगत होता, कानामागे राहिलं बघ.

तेराव्याला पंगत बसली. आजा सगळ्यांत शेवटी पाट मांडून बसला. मेलेल्याशी बोलायचं नाही, म्हणून आसडबा शेजाऱ्याला म्हणाले, "त्यांना सांगा, ही पंगत त्यांच्यासाठी नाही."

आजा म्हणाला, "त्यांना सांगा, माझ्याचसाठी आहे. आणि वरणात मीठ नाही."

वाढपी मीठ घेऊन धावला. आसडबा न जेवताच उठले. त्यांच्या पानातले घारगे आजाने मागून घेतले.

जेवण झाल्यावर तो मला म्हणाला, "चल, घागर उचल." आम्ही नदीवर गेलो. मी पाणी ओतलं, तो पायरीवर बसला. मी त्याचे पाय धरले.

"आजा, माझ्यासाठी तुम्ही जिवंतपणी मरण घेतलंत. हे उपकार मी कसे फेडू?"

"कसले उपकार?" तो पोट चोळत म्हणाला. "तुझ्यासाठी कोण करतंय? मी किती दिवस असा माणूस शोधत होतो. घाईतला माणूस पाहिजे होता. ज्याला लग्नाची घाई आहे, तो ओ देतोच."

मला काही कळेना.

"अरे, नाव म्हणजे काय ते पाहिलंस का कधी? नाव म्हणजे हाक. आज आसड मारतो, उद्या खरंच तिने मारली तर? ओ दिलेल्याने उठायचं आणि चालायला लागायचं. कमळा होती तेव्हा मी दरवर्षी ओ द्यायचो आणि मनात म्हणायचो, आई, या वर्षी नको. आता ती इथे मातीत आहे. मी तिकडे जाऊन काय करू? कोण आहे माझं त्या वेशीत? मला कुठे जायचं नाही बाबा. मला इथे चाफ्याला पाणी घालायचंय."

मी विचारलं, "मग मला का नाही आधी सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तू ओ दिली असतीस?"

वैशाखात लग्न झालं. भटजीने खणखणीत विचारलं, मुलगी कुणाला दिली, आणि सारंगाने त्याहून खणखणीत सांगितलं, झांझणाला. आईने शंभर जणांना ऐकवलं. पण लग्नाआधी मला धाकल्या म्हणून हाक मारणारी लखाई माप ओलांडून घरात आली ती 'अहो' म्हणत. नवऱ्याचं नाव बायकोने घ्यायचं नसतं. एवढा आटापिटा करून नाव मिळवलं, आणि जिच्यासाठी मिळवलं तिने ते जन्मात तोंडातून काढलं नाही.

आजाचं बोलणं मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "मग पुढच्या पुनवेला काय करणार?"

"ओ तर द्यावी लागेल."

"हळू द्या."

तेव्हापासून मी हळू ओ देतो. आसडबांना जेमतेम ऐकू जाईल आणि लाट देशापर्यंत पोचणार नाही, एवढीच. दर पुनवेला विधी संपला की मी आधी मागे बघायचो, आणि बायकांत लखाई ताट धरून उभी दिसायची.

झांझणआजा त्यानंतर चार वर्षं जगला. मग एका सकाळी चाफ्याखालीच बसल्या बसल्या गेला. मी आसडबांकडे धावलो. ते म्हणाले, "त्यांचं तेरावं झालेलं आहे. माणूस एकदाच मरतो." आळीतलं कुणी आलं नाही. खांदा द्यायला मी, आणि रंगारआळीतले तिघे. वाटेत एका माळणीने पाटी खाली ठेवून हात जोडले आणि विचारलं, "कोण गेलं हो?"

मी सांगणार होतो, पण काय सांगू ते मला सुचेना. त्याचं नाव तर माझ्याकडे होतं. सारंगाने चालता चालता सांगितलं, "कमळाइसाचा म्हातारा गेला."

"अगं बाई, कमळाइसाचा!" ती म्हणाली आणि पाटीतली मूठभर फुलं आणून त्याच्यावर टाकली.

आता मीही म्हातारा झालोय. आसडबा गेले, आता दगडावर नवा आसड चढतो, डोळे तसेच मिटतो. लखाई मागच्या श्रावणात गेली. तिच्यासाठीही मी नदीकाठी एक झाड लावलंय, अजून ते गुडघ्याएवढंच आहे. आमच्या कुळात माझ्यामागे रांगेत एक तिशीचा धाकल्या उभा आहे. त्याचंही कुठेतरी जमलंय आणि मुलीचा बाप अडून बसलाय. मी खोकलो की त्याची आई शिरा पाठवते. वेलदोडा घालते, पण तूप आमच्या आईइतकं नाही.

परवा पुनव आहे. त्याला सांगून ठेवलंय, माझ्या मागेच उभा राहा, गुडघा धरला तर उठवायला कुणी हवं. पोरगा बिचारा हो म्हणाला, डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. त्याला काय मिळणार आहे ते अजून सांगितलेलं नाही. तेराव्याला सांगेन.

काल झाडाला पाणी घालून येत होतो, तर रंगारआळीतल्या कुणा नव्या सुनेने पदर सावरत सासूला विचारलं, हे कोण? सासू म्हणाली, "ते होय? ते लखाईचे."